चिचेखालची मोकळी जागा

"एवढा मोठा बोर्ड लावला, पर बुड टेकवाले जागा नाई बाप्पा."

शांतीबाई हे कोणाला म्हणाली नव्हती. दुर्गेश्वरीच्या दुकानाच्या पायरीवर बसून, भाजीची रिकामी टोपली मांडीवर घेऊन ती आपल्याच गुडघ्यांशी बोलत होती. पण पायरी आणि शिलाई मशीन यांच्यात दोन हातांचंही अंतर नव्हतं. त्यामुळे इतक्या वर्षांत शांतीबाईच्या गुडघ्यांना जे जे ऐकावं लागलं, ते सगळं दुर्गेश्वरीनेही ऐकलं होतं.

"बसून तर राहिल्या, मावशी," ती ब्लाउजच्या बाहीवरून मान न उचलता म्हणाली.

"तुही पायरी म्हणजे का चौक होय वो?"

'टोला चौक सुधार योजना' असा निळा बोर्ड कालच लागला होता आणि त्याच्या सावलीत तेवढं एक कुत्रं झोपलं होतं.

टोला चौक म्हणजे गोंदियाहून गोरेगावला जाणारी एसटी जिथे दोन मिनिटं थांबते आणि पाच मिनिटं अडकते ती जागा. एका अंगाला 'दुर्गा लेडीज टेलर', त्याला खेटून खेमराजचा पानठेला, समोर काळीपिवळी जीपगाड्यांची रांग, मधे सरकारी नळ. आणि पूर्वेच्या कोपऱ्यात दोन माणसांच्या कवेत न मावणारं चिचेचं, म्हणजे चिंचेचं, झाड. अख्ख्या चौकात सावली काय ती तेवढीच. तरी बसची वाट पाहणारी माणसं उन्हात उभी राहायची, नळाच्या चिखलात उभी राहायची, तापलेल्या बॉनेटला टेकायची. चिचेखाली कोणी जात नसे. बाहेरचा कोणी पाहील तर म्हणेल, या गावाला ऊन आवडतं.

बोर्डाच्या मागोमाग सोनिका आली. नागपूरच्या कॉलेजात इमारतींचं शिकलेली, चोवीस वर्षांची, पाठीला पिशवी. येताच ती कोणाला हे हटवा ते हटवा म्हणाली नाही, त्यामुळे लोक जरा हिरमुसलेच. "आधी एक महिना नुसतं पाहायचं," ती म्हणाली. "कोण कुठे बसतं, किती वेळ उभं राहतं, कुठे भांडतं. मग ठरवू काय बांधायचं ते." आणि दिवसभर चौकाकडे तोंड करून बसणारं माणूस शोधत ती दुर्गेश्वरीच्या दारात आली.

"काकू, तुमची मशीन तर चौकाकडेच पाहते."

खरं होतं ते. एकदा, बारा वर्षांपूर्वी, दुर्गेश्वरीने मशीन उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. पण भिंतीकडून उजेड येत नाही. सुईत दोरा ओवला जाईना, तेव्हा चौथ्या दिवशी पुन्हा फिरवली. हे तिने सोनिकाला सांगितलं नाही. "करीन," एवढंच म्हणाली.

तिची शाळा सातवीतच सुटली होती. पण माप घ्यायला शाळा लागत नाही. ज्या खाकी कागदावर ती ब्लाउजची कटिंग काढायची, त्यावरच तिने चौकाची कटिंग काढली. एक पाऊल म्हणजे एक बोट. खेमराजच्या ठेल्यापासून नळापर्यंत पावलं मोजताना जीपवाले हसले, "वहिनी, चौकाले झंपर शिवून राहिल्या का?" तिने हसू दिलं. बाई बसली की लाल डोक्याची टाचणी, माणूस बसला की निळी. आणि मारामारी झाली की तिथे काळं टिचबटण.

टिचबटणांची डबी पहिल्या आठवड्यातच अर्धी झाली. सोमवारी एकाने आपली जीप रांगेत हातभर पुढे घेतली, तर मागच्या जीपच्या चैतरामने चाक खोलायची टॉमी त्याच्या गुडघ्यावर हाणली. त्या गुडघ्याचा आवाज दुर्गेश्वरीला मशीनच्या आवाजावरून ऐकू आला. मंगळवारी नळावर दोघी भांडल्या आणि एकीने पितळेचा गुंड, म्हणजे कळशी, दुसरीच्या कपाळावर मारला. मार खाणारीचं रक्त तिच्या पाण्याने भरलेल्या गुंडात सांडलं, तरी तिने तो रिकामा केला नाही, तसाच डोक्यावर घेऊन घरी गेली. गुरुवारी एका नवऱ्याने बायकोला केसाला धरून एसटीतून खाली ओढलं आणि चढणाऱ्या माणसांनी वाट मिळाली म्हणून पाय पुढे टाकले. बाजाराच्या दिवशी अंड्यांची हातगाडी उलटली, मग हातगाडीवाला उलटला, आणि अंड्यांतून दात वेचायला दोघं जण वाकले. दुर्गेश्वरी प्रत्येक ठिकाणी बटण लावायची आणि परत इस्त्री हातात घ्यायची. इतकं पाहून हात थरथरत नाही याची तिला कधी कधी लाज वाटे.

महिना भरला. सोनिका कागदावर वाकली आणि टाचण्यांवरून बोट फिरवू लागली.

"काकू, किती स्वच्छ दिसतंय हे. सगळी भांडणं या अर्ध्यात आहेत. माणसं एकमेकांच्या अंगावर उभी राहतात, म्हणून पेटतात. पण उभी काय म्हणून राहतात? इथे एवढी सावली आहे." तिने चिचेखाली बोट ठेवलं. चार पावलं रुंद, पाच पावलं लांब. कागद तिथे कोरा होता. "महिनाभरात एक टाचणी नाही. एकही नाही?"

"नाही," दुर्गेश्वरी म्हणाली.

आदल्या दिवशी तिच्या मनात आलं होतं, चार-दोन टाचण्या तिथे खोचून द्याव्या. कोणाला काय कळतं. टाचणी हातात धरून ती उभीही राहिली. पण मापात खोट करायची तिच्या हाताला सवय नव्हती. तोंडाला होती.

सोनिकाने चौकात फिरून विचारलं. खेमराज म्हणाला, झाडातून चीक गळते, कपडे खराब होतात. चैतराम म्हणाला, पाखरं हगतात. शांतीबाई म्हणाली, मले ऐकू कमी येते बाई. ज्याला त्याला कारण होतं आणि एकाचं कारण दुसऱ्याला माहीत नव्हतं.

दुर्गेश्वरीची लेक दुलारी अकरावी सायन्सला होती. कागदावर टाचण्या लावायला तीच मदत करायची. तिने घरी विचारलं, "माय, तिथं काऊन नाई बसत कोणी?"

"लाल मुंग्या आहेत."

दुलारी सायन्सची. ती गेली, चिचेखाली उकिडवी बसून पाहून आली. ती तिथे बसली तेवढा वेळ खेमराज चुना लावायचा विसरला. "मुंग्या नाई आहेत, माय," ती आल्यावर म्हणाली. दुर्गेश्वरीने तिच्या हनुवटीला लागलेली माती पुसायला हात पुढे केला, तशी दुलारीने झटकन तोंड फिरवलं. लहानपणापासूनच तिचं तसं होतं. तोंडाजवळ कोणाचाही तळहात आलेला तिला चालत नसे. डॉक्टरांना वाटे लाडावलेली आहे. दुर्गेश्वरीला मात्र ठाऊक होतं.

नव्व्याण्णव सालची गोष्ट. या भागात दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, पाळणे लागतात, दंडारीच्या नाचाचे ढोल वाजतात, माहेरी आलेल्या लेकी पोरांची बोटं धरून हिंडतात. त्या वर्षी चौकात भरलेल्या मंडईत आणखी एक गोष्ट हिंडत होती: पोरं चोरणारी टोळी आली आहे. कोणाचं पोर गेलं नव्हतं. पण प्रत्येकाला शेजारच्या गावातलं कोणीतरी माहीत होतं, ज्याचं गेलं होतं.

दुर्गेश्वरी बांगड्या पाहत होती. बोटातलं चार वर्षांचं बोट सुटलं. अर्धा तास ती मंडईत आंधळ्यासारखी फिरली. मग चिचेखाली तिला दुलारी दिसली, एका अनोळखी माणसाच्या खांद्यावर. तोंडात पिपाणी. त्या माणसाच्या हातात काठी आणि काठीला कागदी चक्र्या आणि पिपाण्या टांगलेल्या. तो डोंगरगडकडचा असावा, येणाऱ्या-जाणाऱ्याला आपल्या बोलीत विचारत होता, "ए नोनी काकर आय?" कोणाची पोर ही, असं. ढोलांत ते कोणाला ऐकू गेलं नाही. दुर्गेश्वरीचा आवाज मात्र सगळ्यांना ऐकू गेला.

"माही पोरगी नेली."

एवढंच ती ओरडली. तीन शब्द. चैतराम तेव्हा बावीस वर्षांचा होता आणि दुकानाचा बांबू त्याच्या हाताशी होता. पहिला फटका पाठीवर बसला. त्या माणसाने आधी दुलारीला खांद्यावरून उतरवून नीट पायांवर उभं केलं आणि मगच दोन्ही हात डोक्यावर घेतले. मग बांबू, पाळण्याचा दांडा, चपला, धोंडे. जवळ पोचू न शकणारे लांबून मारत होते आणि काहीच हाती न लागलेले थुंकत होते. त्याचा जबडा सुटला. त्यानंतर त्याला काही विचारता येईना, तरी तो ओठ हलवत होता. खेमराजने लाथ घातली. शिकलेले, न शिकलेले, देवळातून आलेले, सगळे होते. पिपाण्या पायांखाली मोडत होत्या आणि मोडताना काही वाजत होत्या.

दुर्गेश्वरीने दुलारीला छातीशी धरलं होतं. दुलारी तिच्या कानाशी म्हणाली, "माय, यानं मले आणलं. मी त्याले आपली पायरी दाखवून राहिली होती."

शेजारी शांतीबाई उभी होती. तिने ऐकलं. तिने दुर्गेश्वरीकडे पाहिलं.

माणूस तेव्हा जिवंत होता. दुर्गेश्वरीने समोरच्या तोंडांकडे पाहिलं. त्यांतलं एकही तिला ओळखीचं वाटेना. मीच चुकली म्हणावं तर ही तोंडं आता माझ्याकडे वळतील, असं तिला वाटलं. दुलारी पुन्हा बोलायला लागली. दुर्गेश्वरीने तिच्या तोंडावर तळहात दाबला. पुढे कित्येकदा तिने मोजलं, तेव्हा किती वेळ उरला होता. एक बाही शिवून होईल इतका. जास्तच, कमी नाही.

पोलिसांनी 'अज्ञात जमाव' लिहून नेलं. त्या माणसाचं कोणी आलं नाही, त्याचं नावही कळलं नाही. पोरं चोरणारी टोळी नव्हतीच, हे आठवड्याभरात सगळ्यांना कळलं, आणि ते कळल्याचं कोणी कोणाला कळवलं नाही. राइस मिलमध्ये कामाला जाणाऱ्या तिच्या नवऱ्याचा, योगराजचा, त्या दिवशीचा डागाळलेला सदरा तिने दोनदा साबण लावून धुतला. पुढल्या वर्षीपासून मंडई शाळेच्या पटांगणात भरू लागली. चिचेखाली माणसं बसेनाशी झाली. ठरवून नाही. बसावंसं वाटलं की त्यांना पाखरं आठवायची, चीक आठवायचा.

सोनिकाने चावडीवर सभा घेतली आणि भिंतीला खाकी कागद लावला. "चिचेभोवती गोल ओटा बांधू. टेकायला पाठ, प्यायला पाण्याचे रांजण. बसची वाट पाहणारे तिकडे सरकले की नळ मोकळा होतो, जीपची रांग मोकळी होते. कोणाची काही हरकत?"

सभेत साठ-सत्तर माणसं होती. सगळ्यांनी त्या कोऱ्या चौकोनाकडे पाहिलं आणि मग दुर्गेश्वरीकडे. दुर्गेश्वरीने मागे बसलेल्या दुलारीकडे पाहिलं. पोरगी अभिमानाने कागदाकडे पाहत होती. लाल टाचण्या तिने लावल्या होत्या.

हरकत कोणाची नव्हती.

ओटा देखणा झाला. गवंड्याने कडेला चिनी मातीचे तुकडे बसवले, रांजणांना तोट्या लावल्या. पहिल्या दिवशी कोणी बसलं नाही. दुसऱ्या दिवशी शेळी बसली, तिला खेमराजने पाणी मारून उठवलं. बारा दिवस गेले. माणसं उन्हातच दाटून उभी राहत होती, आणि आता ओट्याची कड रस्त्याकडे पुढे आल्यामुळे आणखी दाटली. टिचबटणांची दुसरी डबी आणावी लागली. सोनिका रोज येऊन आधी ओट्याकडे पाही, मग दुर्गेश्वरीकडे. "काकू, माझं कुठे चुकलं?" एक दिवस तिने विचारलं. दुर्गेश्वरीने बगलेचं माप दुसऱ्यांदा घेतलं.

तेराव्या दिवशी बाजार होता. बालाघाटकडचा ईश्वरदास सायकल घेऊन आला. मागच्या चाकाला पट्टा, पट्ट्याला धार लावायचा दगड. वर्षातून दोनदा तो या रस्त्याने जायचा, पण चौकात कधी थांबत नसे. या वेळी दुर्गेश्वरीने स्वतः हाक मारली, कारण कैचीने कापड चावायला सुरुवात केली होती. पायरीवर शांतीबाई होती, बाहेर ऊन रणरणत होतं. "छाँव में बैठ के बना देता हूँ, बहनजी," म्हणत त्याने सायकल वळवली. तो कुठे निघाला आहे हे दुर्गेश्वरीच्या ध्यानात आलं, तेव्हा तिच्या ओठांत चार टाचण्या होत्या. त्या काढेपर्यंत तो ओट्यावर बसलाही होता.

बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, दगडावर कैची घासल्याचा आवाज पार नळापर्यंत ऐकू येऊ लागला.

चैतराम जीपमधून उतरला.

"उठ."

ईश्वरदासने वर पाहिलं. "क्यों भैया? बैठने के लिए ही बना है ना?"

"उठ म्हटलं ना."

"कोई बात हो तो बता दो. उठ जाऊँगा." त्याच्या आवाजात हट्ट नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

चैतरामने तोंड उघडलं. चीक, पाखरं, मुंग्या, यातलं एकही त्या क्षणी त्याच्या कामी आलं नाही. त्याच्या मानेच्या शिरा वर आल्या, जणू शब्द आत कुठेतरी ठोकून बसवले होते. मग हातच उठला. थप्पड एवढ्या जोरात बसली की ईश्वरदास ओट्यावरून कडेला पडला. उठताना त्याने हातातली कैची सोडली नव्हती.

"कैची काढली," कोणीतरी म्हणालं. "त्यानं कैची काढली."

तेवढं पुरलं. जीपवाले आले, अंडीवाला आला, एसटीची वाट पाहणारे हातातल्या पिशव्या खाली ठेवून आले. खेमराज ठेल्याची फळी उचलून आला. पन्नाशीचा माणूस, दमा असलेला. पहिली लाथ ईश्वरदासच्या पोटात बसली, दुसरी कानावर. सायकल आडवी झाली आणि तिचं चाक फिरत राहिलं. चिनी मातीच्या पांढऱ्या तुकड्यांवर रक्ताचे थेंब उडाले. चैतरामने जीपमधली टॉमी आणली.

दुर्गेश्वरी धावली. गळ्यातली टेप तशीच होती. माणसांच्या पाठींतून कोपरांनी वाट काढत ती आत शिरली आणि पडलेल्या माणसावर वाकली, तेवढ्यात टॉमी खाली आली. तिच्या डाव्या हाताचं हाड मोडलं. वाळकी काडी मोडावी तसा आवाज झाला, आणि तो ऐकून बाकीचे थबकले.

"वहिनी, बाजूले व्हा," चैतराम म्हणाला. तो धापा टाकत होता. "त्याले म्हणा उठ तथून."

"काऊन?"

"तुमाले माहीत आहे काऊन."

"मले माहीत आहे. तू सांग."

चैतरामने मागे पाहिलं. मागे गाव होतं. गावाने जमिनीकडे पाहिलं.

दुलारी तोवर आत आली होती. खाली बसून तिने आपली ओढणी ईश्वरदासच्या कानाला लावली. ओढणी भिजत चालली होती. तो पुटपुटत होता, मैंने क्या किया, मैंने क्या किया. दुलारीने वर पाहिलं. "माय, कायले मारून राहिले हे याले? तथं आहे तरी काय?"

दुर्गेश्वरीचा चांगला हात आपोआप उचलला गेला. तळहात पोरीच्या तोंडाकडे निघाला. दुलारीने नेहमीसारखं झटकन तोंड फिरवलं.

हात हवेत राहिला. दुर्गेश्वरीने त्याच्याकडे पाहिलं, कोणा दुसऱ्याचा असावा तसं. हे बोललं की ही पोर उद्यापासून आपल्याकडे कशी पाहील, ते तिला दिसत होतं. कदाचित पाहणारही नाही. पायरीवरून कोणीतरी कण्हत उठल्याचा आवाज आला. कोणासाठी न उठणारी शांतीबाई टोपली टाकून गर्दीच्या कडेला आली.

"सांग वो आता," ती म्हणाली. "बारा वर्सं झाले. माहे गुडघे थकले."

दुर्गेश्वरीने हात खाली घेतला.

"दुलारी," ती म्हणाली, चौकाच्या चारी कोपऱ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात, "इथी आमी सगळ्यानं मिळून एक माणूस मारला. तो चोर नव्हता. मंडईत तू हरवली होती, अन् तो तुले माह्याकडे आणून देऊन राहिला होता. तू मले सांगतलं तवा तो जिता होता, अन् मी तुह्या तोंडावर हात ठेवला."